पॅसेजमधली खुर्ची

शाळेच्या समुपदेशकाकडे भाचीला घेऊन जाण्यात आत्याचे तीन फायदे होते, आणि त्यातले दोन ती कोणालाही उघडपणे सांगायला तयार होती.

पहिला असा, की ती ज्या पडद्यांच्या दुकानात मुख्य विक्रेती होती तिथली मालमोजणी नेमकी त्याच दिवशी सुरू होणार होती. मालमोजणी म्हणजे दिवसभर शिडीवर चढून धूळ खायची आणि वर मालकाचे टोमणे ऐकायचे. "भाचीच्या शाळेतून बोलावणं आलंय," म्हटल्यावर मालकालाही नाही म्हणता आलं नाही. दुसरा फायदा भावजयीच्या बाबतीतला. आई असून ती गेली नाही, बाप असून भाऊ गेला नाही, गेली कोण तर आत्या. एवढं वाक्य हाती आलं की पुढची कित्येक वर्षं ते कुठल्याही वादात वापरता आलं असतं, आणि वापरून झिजलंही नसतं.

तिसरा फायदा मात्र ती स्वतःशीसुद्धा हळू आवाजात बोलायची. तिच्या घरात एक खोली रिकामी होती. भाचीने त्या खोलीत राहावं, तिच्या घराजवळच्या शाळेत जावं, संध्याकाळी आत्या दमून आली की आतून कोणीतरी "आलीस का गं?" असं विचारावं, एवढंच तिला हवं होतं. वर्षाच्या मधेच शाळा बदलायची तर समुपदेशकाचं शिफारसपत्र लागतं, ही माहिती तिने दुकानात पडदे घ्यायला आलेल्या एका मुख्याध्यापिकेकडून काढून घेतली होती, आणि त्या बदल्यात तिला झालर फुकट शिवून दिली होती.

भाचीला घरात सगळे बारकी म्हणत. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून. आता सातवीत गेली होती, उंचीने आत्याच्या कानापर्यंत आली होती, तरी नाव तेच चिकटलं होतं. गेलं वर्षभर बारकीचं पोट दुखत होतं. घरी दुखायचं, शाळेत दुखायचं, दुखायला लागलं की पोर पांढरीफटक पडायची. रक्त तपासलं, फोटो काढले, सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. भाऊ म्हणाला, मग डोक्यात काहीतरी असणार. भावजय म्हणाली, जे काही आहे ते घरात आहे, आणि असं म्हणून तिने भावाकडे पाहिलं. शेवटी शाळेने कळवलं की आई, वडील किंवा घरातलं जबाबदार माणूस यांनी मुलीला घेऊन समुपदेशकाला भेटावं. जबाबदार कोण यावर भाऊ-भावजयीचं दोन दिवस वाजलं आणि काम आत्याकडे आलं. तिने ते तोंडावर नाराजी ठेवून घेतलं. दुकानातही ती गिऱ्हाईक पटलं की तोंडावर नाराजीच ठेवायची.

समुपदेशकाची खोली जिन्याखाली होती. पूर्वी तिथे खेळाचं सामान असायचं. रबराचा वास अजून गेला नव्हता. टेबल नाही, कपाट नाही, भिंतीवर उपदेश नाही. फक्त खुर्च्या होत्या. वर्गातल्या साध्या प्लास्टिकच्या खुर्च्या, एकात एक घालून भिंतीला उभ्या केलेल्या. आणि त्यांच्याजवळ नाक पुसत उभा असलेला एक पोरगेला, जाडसर माणूस. मुलं त्याला खुर्चीवाले सर म्हणायची.

आत्याने त्याला एका नजरेत मोजलं. हा माणूस दुकानात आला असता तर पडदे घ्यायला येऊन पायपुसणं घेऊन गेला असता. याच्याकडून पत्र काढायला चहा संपेपर्यंतचा वेळ पुरे.

"सर, मी स्पष्टच बोलते," ती म्हणाली. "माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेली माणसं दिसतात त्याला, घरातली पोर दिसत नाही. भावजय चष्म्याच्या दुकानात आहे. दिवसभर लोकांना विचारते, आता नीट दिसतंय का. घरी आली की तिलाच काही दिसत नाही. पोरीला जरा हवापालट..."

समुपदेशक शिंकला. "माफ करा. धूळ आहे इथे," तो म्हणाला. "हवापालटाचं बोलू आपण. आधी एक काम कराल का? बारकीचं घर मांडून दाखवा. संध्याकाळचं. या खुर्च्या घ्या. कोण कुठे असतं, तसं ठेवायचं."

"खेळ आहे का हा?"

"काम आहे. मी याच कामाचा पगार घेतो."

आत्याला हसू आलं, पण मोजमापाच्या कामात ती कोणाला हार जाणारी नव्हती. तिने पर्स बारकीच्या हातात दिली आणि भराभर घर मांडलं. ही बैठकीची खोली. हा भाऊ, टीव्हीकडे तोंड. ही भावजय, स्वयंपाकघराच्या दारात, पाठ सगळ्यांकडे. आणि मधोमध, दोघांपासून सारख्या अंतरावर, बारकी. मुलीची खुर्ची ठेवताना तिने ती किंचित पुढे ओढली, म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येईल. मग हात झटकून ती म्हणाली, "झालं. पोर अशी सगळ्यांच्या मधे असते, आणि कोणाचं लक्ष नसतं."

"छान," समुपदेशक म्हणाला. "बारकी, बरोबर आहे का गं?"

बारकीने आत्याकडे पाहिलं. लहान मुलाने काढलेल्या चित्राला मोठी माणसं नावं ठेवत नाहीत, तसं काहीसं त्या पाहण्यात होतं. "आत्याने खोली बरोबर काढलीय," ती म्हणाली.

"मग चूक काय?"

तिने पर्स जमिनीवर ठेवली आणि स्वतःची खुर्ची उचलली. मधोमध असलेली ती खुर्ची तिने मांडलेल्या बैठकीच्या खोलीच्या बाहेरच नेली, जिथे आत्याने काहीच मांडलं नव्हतं. भिंतीचा कोपरा आला तिथे थांबली. "हा पॅसेज," ती म्हणाली. "चपलांचं कपाट आहे ना, त्याच्या पलीकडे." खुर्ची ठेवली, बसली, मान तिरकी केली, उठली, खुर्ची थोडी मागे सरकवली. परत बसली. तिचं समाधान होईना.

"सर, तुम्ही आईच्या खुर्चीवर बसा ना. आणि काहीतरी बोला. हळू. आई चिडल्यावर हळू बोलते."

एवढा मोठा माणूस निमूटपणे भावजयीच्या खुर्चीवर जाऊन बसला आणि पुटपुटला, "दूध कोणी आणायचं होतं?"

बारकीने खुर्ची हातभर उजवीकडे घेतली. "परत."

"दूध कोणी आणायचं होतं?"

"आता बरोबर."

"काय बरोबर?" आत्याने विचारलं. तिच्या आवाजातली चेष्टा अजून गेली नव्हती.

"इथून शब्द कळतात आणि मी दिसत नाही. पुढे सरकलं की आईला माझे पाय दिसतात. मी दिसले की ती हसते."

"मग हसली तर बिघडलं कुठे?"

"मग कळत नाही ना खरं काय चाललंय."

 आयुष्यभर आत्याने लोकांच्या खिडक्या मोजल्या होत्या. टेप लावून, दोनदा मोजून, तरी कधीतरी बोटभर कापड कमी पडायचं. ही पोर टेपेशिवाय, नुसत्या कानाने, दोन माणसांच्या मधली नेमकी जागा काढून बसली होती.

समुपदेशकाने नाक पुसलं. "बाबा कधी येतात?"

"ते महत्त्वाचं नाही. कसे येतात ते महत्त्वाचं." बारकी आता कामाचं बोलत होती. आवाजात ना रड, ना लाज. अनुभवी माणूस नव्याला काम समजावून देतो तसा सूर. "लिफ्टने आले की बरं असतं. लिफ्ट चालू असूनही जिन्याने आले, की समजायचं आज दिवस वाईट गेलाय. त्या दिवशी त्यांना लिफ्टचं तोंडसुद्धा बघायचं नसतं. पावलं वरपर्यंत ऐकू येतात. तेवढ्या वेळात मी आईचं बघून घेते."

"आईचं काय बघतेस?"

"ती प्रश्न विचारत असली की ठीक. जेवणार कधी, फोन का उचलला नाही, असं. ओरडून विचारलं तरी चालतं. ती काहीच विचारेनाशी झाली, आणि बाबा जिन्याने येतायत, असं दोन्ही एकदम झालं की मग..."

"मग?"

"मग पोट दुखतं."

समुपदेशक भावजयीच्या खुर्चीवर तसाच बसून होता. त्याने अगदी साधं विचारलं, "भांडण सुरू झाल्यावर दुखतं, की आधी?"

बारकीला प्रश्नच खुळचट वाटला. "आधीच. नंतर दुखून काय उपयोग?"

 आत्याच्या डोळ्यांपुढून गेलं वर्ष सरकत गेलं: ते दवाखाने, त्या रांगा, रिपोर्टची पाकिटं, भाऊ आणि भावजय पोरीच्या दोन बाजूंना बसलेले, दोघांचे हात तिच्या एकाच हातावर. दोघं एका बाजूला झालेले आत्याने वर्षभरात पाहिले होते ते फक्त दवाखान्यात.

"म्हणजे ढोंग करतेस?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"नाही गं आत्या. खरंच दुखतं. आधी आधी मी नुसतं म्हणायचे. आता मी म्हणायच्या आतच सुरू होतं." बारकीने ओठ दाबून थोडा विचार केला. "ते आता माझ्यापेक्षा हुशार झालंय."

"आणि शाळेत?" समुपदेशकाने विचारलं. "शाळेत तर आई-बाबा नसतात."

"दुपारी फोनवर असतात ना. बाबांची जेवणाची सुट्टी आणि आईच्या दुकानातली मधली वेळ एकच आहे. रात्रीचं जे अर्धवट राहिलं असेल ते तेव्हा पुरं करतात. शाळेने फोन केला की त्यांना तो ठेवावाच लागतो."

 वर जिन्यावरून एक वर्ग धाडधाड खाली उतरत गेला. आत्या भिंतीला टेकून उभी होती आणि आपल्या भाचीकडे पाहत होती. एखादं देऊळ अचानक समोर उभं राहावं आणि आपण चप्पल घालूनच आत आलोय हे तेव्हा लक्षात यावं, तसं तिला वाटत होतं. लोकांची तोंडं ओळखायची ही विद्या आपल्याच घराण्यात आपल्यावर येऊन संपली, असा तिचा आजवरचा समज होता. नवरा कापडाला हात लावतो की बायको, यावरून ती गिऱ्हाईक ओळखायची आणि दुकानभर मिरवायची. इथे ही बारा वर्षांची पोर दोन मोठ्या माणसांचा संसार खांद्यावर घेऊन चपलांच्या कपाटामागे बसली होती, आणि मिरवणं लांब राहिलं, तिने कोणाला पत्तासुद्धा लागू दिला नव्हता.

तरी हिशेबी माणूस हिशेबीच. जरा वेळाने आत्याने विचारलं, "आणि माझी खुर्ची? मी कुठेच नाही का तुझ्या घरात?"

बारकीचा चेहरा पहिल्यांदा उजळला. तिने एक खुर्ची घेतली आणि बैठकीच्या खोलीत नेऊन आपटली, भाऊ आणि भावजय दोघांच्या बरोबर समोर. "तू आलीस की मला सुट्टी. तुझ्यासमोर ते भांडत नाहीत. बाबा म्हणतात, ताई आली की तोंड सांभाळा, एक शब्द मिळाला तरी तिला वर्षभर पुरतो." मग स्वतःच तोंडावर हात ठेवला.

"असं म्हणतो का तो?" आत्या म्हणाली, पण आतून ती फुलून आली होती. सुट्टी. आपण म्हणजे सुट्टी. याहून चांगली संधी पुन्हा आली नसती. तिने समुपदेशकाकडे पाहिलं. तिला वाटलं होतं तेवढं तो पायपुसण्याचं गिऱ्हाईक नव्हता. त्याने तिचा प्रश्न तिच्या आधीच विचारला.

"बारकी, तुला आत्याकडे राहायला आवडेल?"

"हो," बारकी लगेच म्हणाली.  "आत्याकडे पोट कधीच दुखत नाही. मे महिन्यात राहिले होते तेव्हा मी सकाळी उशिरापर्यंत झोपायचे." मग तिची नजर पॅसेजमधल्या खुर्चीकडे गेली. "पण मग इथे कोण बसेल?"

तास संपल्याची घंटा झाली. समुपदेशकाने तिला वर्गात जायला सांगितलं. ती गेली, आणि जाताना आत्याची पर्स जमिनीवरून उचलून खुर्चीवर नीट ठेवून गेली.

"पत्र मी देऊ शकतो," समुपदेशक म्हणाला. "तुम्ही मागितलंत तर नाही म्हणणार नाही. मुलीला तुमच्याकडे बरं वाटतं हे खरं आहे."

हे ऐकायलाच तर ती आली होती. आत्याने पर्स उचलली, आणि हो म्हणण्याऐवजी पॅसेजमधल्या त्या खुर्चीवर जाऊन बसली. तिथून खोलीचा एक कोपरा तेवढा दिसत होता. पाय आत घ्यावे लागत होते. तिने पाय आत घेतले. डोळे मिटले. समुपदेशक काही बोलला नव्हता, तरी त्याचा श्वास ऐकू येत होता.

"मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसले तर?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"मग पहारेकरी तेवढा बदलेल. पहारा चालूच राहील. आणि ती तुमच्यावरही लक्ष ठेवेल, तुम्ही कधी उठताय म्हणून."

"मग करायचं काय?"

"ही जागाच बंद करायला पाहिजे. ती बंद करणं दोघांच्याच हातात आहे. दोघांनी एकत्र इथे यायला हवं, पोट दुखत नसताना. मी त्यांना चारदा कळवलंय. एकदा आई येणार होत्या, बाबांना वेळ नव्हता. एकदा उलट. 'तिने आधी जावं, मग मी बघतो.' मी आणखी काय करू?"

"तुम्ही गोड बोलता, सर. माझा भाऊ गोड बोलण्याला भुलत नाही आणि माझी भावजय माझ्या कुठल्याच बोलण्याला भुलत नाही. ती दोघं एका गोष्टीवर एक होतील अशी एकच गोष्ट आहे."

"कुठली?"

"मी," आत्या म्हणाली.

तिने काय योजलंय ते ऐकल्यावर समुपदेशक अस्वस्थ झाला. "मी खोटं बोलणार नाही हं."

"तुम्ही बोलायचंच नाही. मी बोलते. आणि यात खोटं काय आहे? मला ती हवीच आहे." हे म्हणताना तिचा आवाज थोडा घसरला. तो सावरायला तिने पर्स उघडली, आत काहीच शोधलं नाही आणि बंद केली. "हवी नसती तर त्यांना माझं खरं वाटलं नसतं."

शाळेच्या फाटकाबाहेर उभं राहून तिने आधी भावाला फोन लावला. "बारकी माझ्याकडे राहायला येतेय. शाळा बदलायचं मी सरांशी बोललेय. परवा दोघं येऊन सही करा."

"कोणाला विचारून?" भाऊ ओरडला. मागे कुठलीतरी मोटर घुरघुरत होती.

"तुम्हाला काय विचारायचं? तुम्हाला पोर सांभाळता येत नाही, हे डॉक्टरांच्या कागदांवरूनच दिसतंय."

मग भावजयीला.  ती अगदी हळू म्हणाली, "ताई, तुम्हाला स्वतःचं कोणी नाही म्हणून माझी मुलगी घेणार का तुम्ही?"

आत्याला असं काहीतरी येणार हे ठाऊक होतं. कुठून येणार हेसुद्धा ठाऊक होतं. तरी लागायचं ते लागलंच. "परवा सकाळी या," ती म्हणाली. "दोघांची सही लागते."

तिसऱ्या दिवशी ती दोघं तिच्या आधीच हजर होती. जिन्यासमोरच्या बाकावर खांद्याला खांदा लावून बसली होती. भावजयीने भावासाठी डब्याच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली, त्याने न मागता. तो प्यायला, तिला दिली. आत्या येताना दिसली तसे दोघांनी एकाच वेळी तोंड फिरवलं, एकाच बाजूला. इतकी एकी आत्याने त्यांच्या लग्नातही पाहिली नव्हती.

"ताई, तू आमच्या मधे पडायची काही गरज नव्हती," भाऊ म्हणाला.

"आमच्या घरचं आम्ही बघू," भावजय म्हणाली.

आमच्या. हा शब्द तिच्या तोंडून आत्याने पुष्कळ दिवसांत ऐकला नव्हता.

आत सही करायला कागद नव्हता. खुर्च्या होत्या. भाऊ चिडला, पण तेवढ्यात बारकी आली आणि समुपदेशकाने तिला घर मांडायला सांगितलं. आत्या खिडकीच्या कट्ट्यावर बसून राहिली. या वेळी तिला माहीत होतं काय दिसणार आहे, म्हणून ती भावाकडे पाहत होती. पोरीने खुर्ची पॅसेजमध्ये नेली तेव्हा तो हसला. जिन्याने आणि लिफ्टने, हे सांगितलं तेव्हा त्याचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला. "नंतर दुखून काय उपयोग," हे आलं तेव्हा भावजयीने दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली.

भाऊ उठला आणि बारकीच्या खुर्चीवर जाऊन बसला. तो उंच, पाय बाहेर आले.

"बाबा, पाय आत," बारकी म्हणाली.

त्याने पाय आत घेतले. समुपदेशकाने भावजयीला खूण केली. ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, "मी दमलेय रे."

माणसं लिफ्टमध्ये अडकली की शाफ्टमध्ये उतरून, कान लावून, आत किती जण आहेत ते सांगणारा हा माणूस. त्याने मान खाली घातली. "ऐकू येतं," तो म्हणाला. "सगळं ऐकू येतं इथे." मग बारकीला: "तू रोज इथे असतेस?"

"रोज नाही. आत्या आली की नाही."

दोघांनी आत्याकडे पाहिलं. आत्या खिडकीबाहेर पाहत होती.

"आता नाही बसायचं इथे," भाऊ म्हणाला.

"मग तुम्ही?" बारकीने विचारलं.

उत्तर भावजयीने दिलं, आणि ते कोणीही शिकवलेलं नव्हतं. ती उठून पॅसेजपर्यंत आली, नवऱ्याशेजारी उभी राहिली, तसा तोही खुर्चीवरून उठला. "आम्ही भांडू," ती म्हणाली. "भांडणं होणारच गं. मोठ्यानेही होतील. आणि भांडून झालं की बाबा दार लावतील, मी दिवा बंद करीन, आणि सकाळी दोघं घरातच असू. ते आमचं काम आहे. तुझं नाही."

बारकीने आधी आईकडे पाहिलं, मग बाबांकडे. आत्याला वाटलं, आता ही रडेल, धावत जाऊन मिठी मारेल. तसं काही झालं नाही. तिने दोघांचे चेहरे सावकाश तपासले. कापड अस्सल आहे का हे बघायला जाणकार माणूस ते उजेडात धरतो, तितक्या शांतपणे. आत्या तो तपास पाहत होती. एका मुलीपुढे दोन मोठी माणसं मान ताठ करून उभी होती, आणि निकाल तिच्या हातात होता.

"आठवडाभर बघते," बारकी शेवटी म्हणाली. "जमलं तर ठीक."

"दर आठवड्याला या," समुपदेशक म्हणाला. "तिघंही. आणि ही खुर्ची आज तुम्ही दोघांनी उचलून ठेवायची."

दोघांनी ती उचलली. एक प्लास्टिकची खुर्ची, कोणालाही एका हाताने उचलता येईल अशी. दोघांनी दोन बाजूंनी धरून ती भिंतीशी नेली आणि बाकीच्या खुर्च्यांत घातली.

फाटकाशी भावजय आत्याजवळ थांबली. डोळे लाल झाले होते, पण आवाज कोरडा होता. "ताई, तुम्ही मुलीला न्यायला आलात हे मी विसरणार नाही. काही दिवस तुम्ही घरी येऊ नका."

समुपदेशक त्यांना सोडायला फाटकापर्यंत आला होता. त्याने तोंड उघडलं. आत्याने त्याच्याकडे पाहून मान हलवली, आणि तो शिंकल्यासारखं करून गप्प बसला. खरं सांगितलं असतं तर दोघांचा राग उतरला असता. आणि राग उतरला की त्या रागाच्या जोरावर जुळलेलं किती टिकेल, याची तिला खात्री नव्हती. अजून काही आठवडे तरी त्यांना कोणाच्या तरी विरुद्ध एक राहायला हवं होतं.

"बरं," ती म्हणाली.

स्कूटरपाशी भाऊ-भावजयीचं सुरू झालंच. त्याला कामावर जायचं होतं, ती आधी मला दुकानात सोड म्हणत होती, तो म्हणत होता उलट रस्ता पडतो. आवाज चढले. बारकी दोघांपासून जरा लांब उभी होती. तिची मान सवयीने तिरकी झाली. ऐकायला लागलेली आत्याला इथूनही दिसली. मग पोरीने मान सरळ केली. वळली, आणि शाळेच्या मैदानाकडे चालू लागली, जिथे तिच्या वर्गातल्या मुली कशावरून तरी खिदळत होत्या. आधी सावकाश चालली, पाठीमागे अजून एक कान ठेवून. मग पळाली.

आत्या ती दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. एवढीशी गोष्ट, पण तिला जन्मात कधी कोणाचा इतका अभिमान वाटला नव्हता, आणि तो सांगायला जवळ कोणी नव्हतं.

हिशेब असा झाला. बारकीने आपला वाटा वर्षभर आधीच भरला होता, पोटातून. भाऊ आणि भावजयीला आज भरावा लागला, आणि तो त्यांनी दोघांत वाटून घेतला. जे राहिलं ते आत्याच्या वाट्याला आलं. तिने ते घासाघीस न करता भरलं, आणि मालमोजणीचा तिसरा दिवस होता म्हणून दुकानात जाऊन शिडीवर चढली.